समोरच्याची खुर्ची

तारीख १३ एप्रिल २०१९, दुसरा शनिवार. रक्कम पंधरा हजार रुपये, पाचशेच्या तीस नोटा. हजर: मी, आप्पा, आप्पांचे पुतणे आणि चहावाला. शिवाय टेबलासमोर एक रिकामी खुर्ची होती. तिला हजर धरायचं की नाही हे त्या दिवशी सकाळी मला माहीत नव्हतं.

आप्पा म्हणजे नंदुरबारातल्या एका जुन्या वकिली ऑफिसचे मुख्य. ऑफिस त्यांच्या वडिलांनी सुरू केलेलं. आप्पांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. मी त्यांचं नाव लिहीत नाही, आणि गावातही त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. कोर्टात ते 'साहेब' होते आणि कोर्टाच्या फाटकाबाहेर 'आप्पा'. कोर्टात ते शुद्ध मराठी बोलत. फाटक ओलांडलं की अहिराणी सुरू होई.

ऑफिसला कामाच्या तीन खोल्या आणि बाहेरची तीन दारं. रस्त्यावरच्या दारातून आत गेलं की दिवाणी: दावे, वाटण्या, वारस. ती खोली आप्पांच्या वकील पुतण्याची. बाजूच्या बोळातलं दार फौजदारीचं. तिथे अपघाताचे दावेही चालत. मागच्या दाराने महसुलाच्या खोलीत जाता येई. धडगावच्या जीपगाड्या मागच्या बाजूला थांबतात, म्हणून डोंगरातली माणसं त्याच दाराने येत. वनहक्क, सात-बारा, मोजणी, नगरपालिकेचे अर्ज हे सगळं तिथे. ती खोली एका तरुण वकील मॅडमची होती. कोणतं काम करतो ते बाहेरच्या पाटीवर लिहायची वकिलांना मनाई असते, म्हणून बाहेर फक्त नावं होती. कामांच्या चिठ्ठ्या आतल्या दारांवर चिकटवलेल्या. आप्पांची स्वतःची खोली चौथी, आतली; तिच्या दारावर त्यांच्या अक्षरात एकच शब्द होता: तडजोड. पुतण्यांनी ती चिठ्ठी दोनदा काढली होती. आप्पांनी तिसऱ्यांदा सरळ ऑइलपेंटने लिहिलं.

त्यांच्या खोलीत दाराच्या चौकटीला एक ताणकाटा टांगलेला असे, मिरचीच्या बाजारातून आणलेला, हुकाचा. त्याला ते फायली लटकवत. फाईल दोन किलोच्या वर गेली की पक्षकाराला बोलावून काटा दाखवायचे आणि विचारायचे, "आते बस नही का?" माझी फाईल पहिल्या दिवशी तीनशे चाळीस ग्रॅम भरली. मला ते वजन पटलं. मी एका शाळेत लिपिक आहे. फी, पगारपत्रकं आणि डेडस्टॉक माझ्याकडे असतं, त्यामुळे काही मोजलेलं दिसलं की मला बरं वाटतं.

पण आप्पांची खरी ओळख त्या खुर्चीची. लाकडी, वेताची, मधोमध वेत तुटून भोक पडलेलं. ऑफिसचा जुना नियम असा होता की काम कोणत्याही खोलीतलं असो, कागद दाखल होण्याआधी पक्षकाराने एकदा शनिवारी आप्पांसमोर त्या खुर्चीत बसायचं, आणि तिथे बसून स्वतःचं म्हणणं न मांडता समोरच्याचं मांडायचं, 'मी' म्हणून, जणू आपणच तो आहोत. नाव सांगायचं नाही, ना स्वतःचं ना त्याचं. "नाव आयकं का मी बाजू लेस," असं ते म्हणत. नाव ऐकलं की मी बाजू घेतो. खुर्चीसमोर दोन अर्धे कप चहा येई, एक पक्षकाराचा आणि एक समोरच्याचा. दोन्ही पक्षकारच पीत. चहावाल्याच्या वहीत मात्र वेगळी नोंद होई: 'समोरचा, १'.

पुतण्यांना हा सगळा वेळेचा अपव्यय वाटे. ते वाईट माणूस नव्हते, कामाचे होते, आणि महिनाअखेरीला तिन्ही खोल्यांचं लाइटबिल त्यांनाच भरावं लागे. खुर्ची बदलून प्लास्टिकची आणू असं ते म्हणाले होते. आप्पा म्हणाले, "आरामात बसला, का माणूस परत सोतानंच सांगस."

खुर्चीचा उपयोग काय, ते मॅडमनी मला पुढे कधीतरी सांगितलं, नावगाव गाळून. तोरणमाळकडचा एक म्हातारा वनहक्काच्या दाव्यासाठी आला होता. ती जमीन तो फार पूर्वीपासून कसतो, हे दाखवायला त्याच्याजवळ काही नव्हतं. आप्पांनी त्याला खुर्चीत बसवून सांगितलं, तू आता जंगलखात्याचा गार्ड. म्हातारा थोडा वेळ लाजला. मग उठला, आप्पांची काठी उचलली आणि गार्डच्या हिंदीत ओरडला, "ऐ, तेरे को कितनी बार दंड किया, पावती दिया, फिर भी तू इधरच?" मॅडमनी पेन खाली ठेवलं. पावती? म्हातारा परत म्हातारा झाला आणि मान खाली घालून पावरीत, आपल्या बोलीत, कबूल झाला, की हो, तरुणपणी दंड भरला होता, पावती घरी फडक्यात बांधलेली आहे. ती त्याने जन्मभर लपवली होती, कारण त्याला वाटे, दंडाची पावती म्हणजे आपल्या गुन्ह्याचा कागद. जमीन तेव्हापासून तो कसत होता याचा सरकारी सहीचा पुरावा तोच होता. स्वतःची बाजू सांगताना त्याने ती पावती कधीच काढली नसती.

आता माझं काम. माझं घर आणि शेजारच्या रफिकभाईचा गादी कारखाना यांच्यामध्ये एक सामाईक भिंत होती, चौदा इंची, मातीतल्या विटांची. कारखाना म्हणजे पुढे कापूस पिंजायची मशीन आणि मागे राहायची खोली. रफिकभाई आणि मी एकाच शाळेत शिकलो. त्याच्या आईला मी लहानपणापासून चाची म्हणतो. भिंतीला तडा गेला. मी म्हटलं, मशीनच्या हादऱ्याने. तो म्हणाला, तुझ्या मोरीचं पाणी भिंतीच्या पायात मुरून. मला घरावर एक खोली चढवायची होती. मुलगी अकरावी संपवून बारावीला जाणार होती आणि स्वयंपाकघरात बसून अभ्यास करत होती. भिंत पाडून नवी घालू म्हटलं, तर खर्च कोणाचा यावर बोलणं अडलं, आणि मग बोलणंच बंद झालं. अकरा महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ईदचा शीरखुर्मा आला नाही, आणि दिवाळीचं ताटही गेलं नाही. मी दर रविवारी तड्याच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख टाकत असे. अकरा महिन्यांत तडा सव्वीस सेंटिमीटर वाढला होता.

मार्चमध्ये मला नगरपालिकेची नोटीस आली: शेजाऱ्याची तक्रार आहे, मोजणी होईपर्यंत भिंतीला हात लावू नये. म्हणून मी पुतणे वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, मग त्यालाही हात लावता येऊ नये असा मनाई हुकूम घेऊ. दावा टाइप होऊन तयार होता. सोमवारी दाखल करायचा होता. शनिवारी उरली फक्त आप्पांची खुर्ची.

मी नोटा टेबलावर ठेवल्या. पुतण्यांनी मोजल्या. आप्पांनी तिकडे पाहिलंही नाही. हातात पेन्सिल घेतली, पहिल्या भेटीला ते पेन वापरत नसत, आणि खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बस. आते तू तो शे. बोल, तो काय म्हनस?"

मी म्हणालो, "तो अडवणूक करतो."

"ते तू म्हनस. तो काय म्हनस?"

मी बसलो. भोकामुळे पुढे सरकून, कडेवर बसावं लागलं. मनात रफिकभाईचं बोलणं आणलं. तो आमच्याशी अहिराणीच बोलतो, मधूनमधून हिंदी घालतो. सुरुवातीला मला वाटलं, नक्कल होईल. झाली नाही.

"मन्ही मशीन तीस वरीसपासून चाली ऱ्हायनी," मी म्हणालो. "भित तवय नही फुटनी. यानी मोरी मन्हा पायावर सोडेल शे. मोरी फिराई ले, असं मी तीनदा सांगं. हाऊ म्हनस, लेखी दे. शेजारले लेखी काय दिऊ, भाऊ?"

आप्पा लिहीत होते. पुढचं मी बोलायचं ठरवलं नव्हतं.

"मन्ही अम्मा त्याच भितले खाट लाईसन झोपस. खोलीमा दुसरी जागाच नही. पानी पडाना पहिले भित बांधनी पडी. नही बांधी, त अम्मावर पडी."

पुतण्यांनी दाव्याची प्रत उघडून पाहिली. त्यात चाचीच्या खाटेबद्दल काही नव्हतं. मला खाट माहीत होती, पण मी ती सांगितली नव्हती.

आप्पांनी माझे कागद पुढे ओढले. सगळ्यात वर १९९८ ची सिमेंटची पावती होती, सात गोण्या, भिंतीला गिलावा केला तेव्हाची. त्याखाली तड्याचे फोटो, पेन्सिलच्या तारखांसकट. ते पावती पाहत राहिले. मग पेन्सिल खाली ठेवली आणि पुतण्यांना म्हणाले, "मांगनी खोलीमान रजिस्टर आन."

मॅडम स्वतःच रजिस्टर घेऊन आल्या. आप्पांनी बोट फिरवलं, एका ओळीवर थांबले आणि चष्मा काढला. यानंतर ते माझ्याशी कोर्टातल्या मराठीत बोलले. त्यावरूनच काहीतरी बिघडलंय हे मला कळलं.

"हे काम आमच्या ऑफिसला करता येणार नाही. का, ते सांगायला मला दुसऱ्या एका माणसाची परवानगी लागेल. अर्धा तास बसा."

मॅडम फोन करायला बाहेर गेल्या. वीस मिनिटांनी मागच्या दाराने रफिकभाई आत आला. अंगावर कापसाचे तंतू, खांद्यावर रुमाल. मला पाहून तो दारातच थांबला.

"तू बी आठेच?" तो म्हणाला. "मी त मांगना दारथीन येस."

"मी पुढच्या," मी म्हणालो.

अकरा महिन्यांतलं आमचं पहिलं बोलणं हे.

झालं होतं ते असं. दिवाणी खोलीत काम पक्षकाराच्या नावाने नोंदलं जाई, महसूल खोलीत सिटी सर्व्हे नंबराने, आणि मालमत्ता पत्रकावर अजून रफिकभाईच्या वारलेल्या वडिलांचं नाव होतं. समोरच्याचं नाव लिहायचा रकाना कोणत्याच रजिस्टरात नव्हता. नगरपालिकेचा अर्ज मॅडमनी लिहून दिला आणि खाली सही रफिकभाईने केली, म्हणून माझ्या नोटिशीवर ऑफिसचं नाव आलं नाही. एकाच भिंतीचं भांडण एका ऑफिसात दोन दारांनी शिरलं होतं. दोन्ही खोल्यांनी आपापलं काम चोख केलं होतं. मार्चच्या एका शनिवारी रफिकभाई त्याच खुर्चीत बसून मी झाला होता, आणि आप्पांनी नाव न विचारता ते ऐकून घेतलं होतं.

रफिकभाई हसायला लागला. "आप्पा, सांगी द्या याले. मन्ही ना नही."

"तूच सांग," आप्पा म्हणाले.

मी खुर्चीतून उठलो, तो बसला. रुमाल काढून मांडीवर नीट घडी घालून ठेवला. मी शाळेच्या ऑफिसात रुमाल असाच ठेवतो. मग माझ्या आवाजात, थोडा नाकातून:

"मी पावतीबिगर पानीबी पेत नही. सिमेंटनी पावती शे मनजोडे, सात गोनीनी. दर रविवारी मी तडा मोजस आनि तारीख टाकस, म्हंजे भित पडी त बी रेकॉर्ड ऱ्हाई."

मॅडम तोंडावर ओढणी धरून हसल्या. पुतणेही हसले. मी हसलो नाही. तो थांबला आणि मग नाकातला आवाज सोडून बोलला.

"इस वरीस पैसा जमा करात मी. एक खोली वर बांधनी शे. मन्ही पोरगी हुशार शे, चुल्हाजोडे बठीसन वाचस. येवढी एक खोली व्हई गयी, का मन्हं काम संपनं."

वीस वर्षं. हा आकडा मी कोणालाही सांगितला नव्हता. तो त्याने मोजला होता.

आप्पांनी नगरपालिकेची नोटीस आणि माझा दावा शेजारी शेजारी ठेवले. "याना अर्जमुळे तू हात लावू शकत नही. तुन्हा दावामुळे हाऊ हात लावू शकत नही. आमी दोन्ही खोली हुशार. दोन्ही जिंकनात, त भित पडी जाई." मग पुतण्यांकडे वळून म्हणाले, "दोन्हीसना पैसा परत दे."

पुतण्यांनी खाली पाहिलं. माझे पंधरा हजार, रफिकभाईचे सहा. एकवीस हजार रुपये आणि दोन पक्षकार एका सकाळी गेले. तरी त्यांनी ड्रॉवर उघडला आणि नोटा मोजून दिल्या. मी परत मोजल्या. तीस होत्या.

तडजोडीचा कागद आप्पांनी त्याच टेबलावर पेन्सिलने लिहिला, दीड पान. रफिकभाईने तक्रार मागे घ्यायची. मी मोरी आठ दिवसांत रस्त्याच्या गटाराकडे वळवायची. मशीनखाली रबर बसवायचं. जुनी भिंत पाडून नऊ इंची नवी, खर्च निम्मा निम्मा. मी विचारलं, चौदातून नऊ गेले, पाच इंच उरतात, ते कोणाचे? आप्पा म्हणाले, "अडीच तुन्हा, अडीच त्याना. आनि पाच इंचवरथून परत येवानं नही." सह्या पेनाने झाल्या. त्यांची फी विचारली तर म्हणाले, भिंतीने एक पावसाळा काढल्यावर.

एकोणीस दिवस काम चाललं. तेवढे दिवस चाचीची खाट आमच्या पुढच्या खोलीत होती. दुसऱ्याच सकाळी चाचींनी माझ्या बायकोकडे तक्रार केली, "तेरे पंखे से तो मेरी मशीन अच्छी, बेटी. ये तो सोने ही नहीं देता." मी पंख्याचं बेअरिंग बदलून घेतलं. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. भिंतीला ओल आली नाही. मी दर रविवारी पाहत होतो, खूण करण्यासारखं काही नव्हतं.

ऑक्टोबरात एका शनिवारी आम्ही दोघं मिळून फी विचारायला गेलो, पुढच्या दाराने. आत आप्पा आणि पुतणे यांचं काहीतरी चाललं होतं. आम्हाला पाहून पुतणे गप्प झाले. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, यासले बी आयकू दे." आणि उठून, टेबलाला वळसा घालून, स्वतः त्या खुर्चीत बसले. ते तिथे बसलेले मी तेव्हाच पाहिले. बसताना कंबरेला हात लावला आणि तोंड वाकडं केलं.

"मी पुतण्या," ते म्हणाले. "मन्हा काका दर शनवारी पक्षकारसले घर धाडस. भाडं, पगार, लाइटबिल मी देस. काकानी चांगली कीर्ती, मन्ही उधारी. तरी मी त्याले कधी उलट बोलनू नही, कारन त्यानी माले शिकाडं. आते तो अठ्ठ्याहत्तरना शे. त्याले कोन सांगी, का शनवार बंद कर?"

पुतण्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "आप्पा, मी यवढं चांगलं नसतू सांगी शकत."

"चांगलं शे ना? मंग बंद," आप्पा म्हणाले. "दिवाळीपासून." आणि खुर्चीतून उठायला लागले, पण भोकात अडकले. रफिकभाईने हात दिला आणि म्हणाला, "आप्पा, हाई खुर्चीले मी गादी करी देस."

"तीच फी," आप्पा म्हणाले.

दिवाळीनंतर शनिवार बंद झाले. पुतण्यांनी तिन्ही खोल्यांचं एक रजिस्टर केलं. त्यात समोरच्याच्या नावाचा रकाना आहे, लाल शाईने आखलेला. आप्पा आणखी दोनेक वर्षं येत राहिले, मग घरीच असत, आणि आता ते नाहीत. दारावरचं ऑइलपेंटचं अक्षर तसंच आहे. खुर्ची पुढच्या दाराजवळ, वाट पाहणाऱ्या लोकांसाठी ठेवलेली असते. मुलीच्या शिष्यवृत्तीचं प्रतिज्ञापत्र करायला गेलो तेव्हा तिच्यावर एक बाई बसल्या होत्या. मी उभा राहिलो.

गादी मात्र आप्पांनी पाहिली. रफिकभाई आणि मी घेऊन गेलो होतो. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिली आणि ताणकाट्याला लावली. नऊशे ग्रॅम.

शेवटी कोणाला काय दिलं ते असं. भिंतीचे मिस्त्रीला शहाऐंशी हजार चारशे. माझे निम्मे, रफिकभाईचे निम्मे. मोरीच्या पाइपाचे तीन हजार दीडशे मी एकट्याने. मशीनच्या रबराचे त्याने एकट्याने. ऑफिसला काही नाही. गादीचा कापूस आणि कापड मिळून सहाशे चाळीस. शिलाई त्याने लावली नाही. माझा निम्मा वाटा तीनशे वीस. तो घ्यायला रफिकभाई तयार नव्हता. मी सोडेना, तेव्हा घेतला. पावती मागितली. त्याने कानामागची पेन्सिल काढली, मागच्या खोलीत गेला आणि चाचीच्या खाटेच्या वर, नव्या भिंतीवर लिहिलं: 'तीनशे वीस मियनात', म्हणजे मिळाले. खाली तारीख आणि सही.

ती पावती माझ्या फायलीत नाही. पाहायची झाली, तर त्याच्या घरी जावं लागतं.